बारावी खाली उजवीकडे

डावीकडे वर

इथं अकरावी असायची. फारूकचाचांच्या जुन्या कॉम्प्युटरवर, म्हणजे. लातूरच्या त्या क्लासमध्ये पेपर टाइप करायला लागल्यापासून चाचांनी एकाही फाइलीचं नाव वाचलं नव्हतं. सर लोक हातानं लिहिलेले प्रश्न आणून टाकायचे, चाचा सूत्रं-आकृत्यांसकट ते लावायचे, आणि फाइल हवी असली की हात आपला आपण त्या कोपऱ्यात जायचा.

खाली उजवीकडे

बारावी.

मधे

काही नाही. मधली जागा चाचा मोकळी ठेवायचे, अंगणासारखी.

आणि आता

दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर बदलला. चालू केला की पडदाभर रंगीत चौकोन. कोपऱ्यातलं ओळखीचं बटण गायब. चौकोनांच्या मागे कुठंतरी सगळ्या फाइली सापडल्या, पण कुणीतरी शाळेतल्या पोरांसारख्या रांगांमध्ये, तारखेच्या क्रमानं उभ्या केलेल्या. मागच्या रविवारी चाचांनी रांगांमधली सगळ्यात खालची, उजवीकडची फाइल छापायला दिली, आणि बारावीच्या पोरांपुढं अकरावीचा पेपर आला. पोरं खूश झाली. क्लासचे मालक किशनरावसर झाले नाहीत.

ते रागावलेही नाहीत, तेच वाईट. या शनिवारचा पेपर नव्या मशीनवर तुम्ही एकट्यानं लावा, जमलं नाही तर टायपिंगचं काम नांदेडला एकांकडं देतो आणि तुम्ही प्रवेशाच्या काउंटरवर बसा, एवढंच म्हणाले. काउंटरवर दिवसभर पालकांशी गोड बोलावं लागतं. चाचांना पेपर लावता येत होता, आणि तेच आवडत होतं.

शुक्रवार, दुसरी खुर्ची

खुर्चीवर राजकन्या. क्लासचे कॉम्प्युटर बघणारी. हे नवं प्रकरण ती स्वतः आत्ताच शिकली होती, पण शिकवत होती नीट: इथं दाबा, इकडं सरकवा, आता मागं या. चाचा प्रत्येक वेळी मान हलवून हाव म्हणायचे आणि पुढच्याच क्षणी हवामानाच्या चौकोनात जाऊन पडायचे. पुण्याचं तापमान तिसऱ्यांदा समोर आलं तेव्हा त्यांनी माऊस बाजूला ढकलला.

"आपल्याच घरात मी पाहुण्यासारखा फिरून राहिलो, बेटा. कुठं काय ठेवलंय ते दुसऱ्याला विचारून."

राजकन्येला हे ओळखीचं होतं. ती औसा तालुक्यातल्या पुनर्वसनाच्या गावची. भूकंपानंतर आधी पत्र्याची शेड, मग नवं गाव: सरळ रस्ते, सगळी घरं एका साच्याची, आणि जुने शेजारी कुठल्या कुठं.

"माझी माय डोक्यावर घागर घेऊन भलत्याच घरात शिरायची," ती म्हणाली. "एकदा तर चुलीपाशी जाऊन बसली. त्या घरचे म्हणले, आलीच हायस तर चहा घे."

चाचा हसले. "मंग? नंबर पाठ केला?"

"न्हाई. दारात शेवगा लावला."

"शेवगा वाढायला तर लई दिवस लागतात."

"तेवढे दिवस लोकांचा चहा पिली."

मग राजकन्येनं माऊस परत चाचांच्या हाताखाली सरकवला. हे चौकोन हलतात, पण मी हलवणार नाही, तुम्ही हलवा, असं तिनं सांगितलं. चाचांचा विश्वास बसेना. त्यांनी एक चौकोन धरला, ओढला. एसटीत माणसं सरकतात तसे बाकीचे बाजूला झाले. हवामान काढून टाकलं, खेळ काढून टाकले. वर्गांचे फोल्डर त्या जागी आणायला ती मदत करत होती, पण कुठं ठेवायचे ते विचारत नव्हती. अकरावी गेली डावीकडे वर. बारावी खाली उजवीकडे. मधली जागा मात्र काही केल्या मोकळी राहीना. चौकोन गोळा व्हायचे. ते चाचांनी सोडून दिलं.

"एक मात्र पाळा, चाचा. छापायच्या आधी नाव वाचायचं. माय अजूनबी दारातून हाक मारूनच आत जाती."

शनिवार

सकाळी चाचा शिपायाच्याही आधी आले. सगळं जागच्या जागी होतं. दुपारी बारावीला शिकवणाऱ्या महादेवप्पासरांचे प्रश्न लावून झाले. चाचांनी पडद्यावर बोट ठेवून फाइलीचं नाव मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग छापायला दिलं. महादेवप्पासरांनी वर्ग, विषय, आकृत्या पाहिल्या आणि गठ्ठा उचलून नेला.

संध्याकाळी किशनरावसर आत आले. काउंटरचं नाव नाही, नांदेडचं नाव नाही. पुढच्या आठवड्याचे हातानं लिहिलेले कागद त्यांनी चाचांच्या टेबलावर ठेवले, वर भोकं पाडायचा पंच ठेवला उडू नयेत म्हणून, आणि गेले.

राजकन्येनं पर्स खांद्याला अडकवली होती. चाचांनी तिला थांबवलं.

"बेटा, हे बंद कुठून करायचं?"

इतके दिवस कसं करत होता, तिनं विचारलं.

"डब्यावरचं बटण दाबून धरत होतो. गळा आवळल्यासारखं वाटायचं बिचाऱ्याचा."

राजकन्येनं हसत माऊस एका कोपऱ्यात नेला. मग दुसऱ्या. मग तिनं पर्स खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"थांबा," ती म्हणाली, "बघू दोघं मिळून."