सोबतचा रकाना

दिशाच्या मानेवरचा काळा पट्टा अनुजाने तीन महिने घासला. आधी बेसन-हळद, मग लिंबाची फोड, आणि एका रविवारी चिडून चक्क भांड्यांची नवी घासणी. पोरीची मान लालबुंद झाली, पट्टा होता तिथेच राहिला. "मी नीट करते गं अंघोळ," दिशा रडत म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीला मानेवरचा मळ काढता येत नाही म्हणजे काय, असंच अनुजाला वाटत राहिलं.

तो मळ नव्हताच. शाळेत वजन-उंची मोजायला परळच्या एका हॉस्पिटलातली माणसं आली, तेव्हा त्यांच्यातल्या डॉक्टरबाईंनी दिशाची कॉलर जराशी मागे ओढून पाहिली आणि घरी द्यायला चिठ्ठी लिहिली. वजन फार वाढलं की शरीराचं इन्सुलिनशी नीट जमत नाही, त्याची ही खूण असू शकते. घासून जात नाही, रक्त तपासून घ्या. चिठ्ठीला एक पत्रक टाचलेलं होतं. ‘मुलांमधील लठ्ठपणा : कारणे व प्रतिबंध. संशोधन प्रकल्पात सहभागी व्हा.’

अनुजाने ते पत्रक चारदा वाचलं. चारही वेळा तिची नजर ‘कारणे’वर अडली आणि पुढे सरकली नाही.

कारण कोण, हे सांगणाऱ्यांची तशी कमी नव्हती. तिचा नवरा हितेंद्र विमानतळावर मालाच्या गोदामात शिफ्टला असायचा. बूट काढता काढता तो म्हणाला, "दिवसभर तूच असतेस ना तिच्याबरोबर? मग?" सावंतवाडीहून सासूबाईंचा फोन यायचा तो वेगळाच. "चेडवाक उपाशी ठेवू नको हां गो! डॉक्टरांका काय जाता सांगूक?" आणि लिफ्टमध्ये एक बाई होत्या, नाव माहीत नाही, त्यांनी दिशाच्या गालाचा चिमटा काढत विचारलं होतं, "काय खायला घालता हो हिला?"

अनुजा बी.कॉम. झालेली. दादरला एका सी.ए.च्या ऑफिसात तिने सात वर्षं काढली होती. नायगावची चाळ नवी बांधायला रिकामी केली आणि सगळी बिऱ्हाडं पांगली, कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला. अनुजा-हितेंद्रला लालबागला एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर भाड्याने दोन खोल्या मिळाल्या. चाळीत दिशाला सांभाळायला अख्खा मजला होता. शेजारच्या गुणवंतीकाकूंकडे भाताचे दोन घास, पुढच्या दारात चपातीचा तुकडा, आणि दिवसातून पन्नासदा जिना खाली-वर. तेव्हा ती काय खाते ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं. इथे मजल्यावर चार दारं, चारही बंद. त्यांच्यावरची नावं अनुजाला ठाऊक होती ती कुरिअरवाल्याने चुकून दिलेल्या पाकिटांवरून. पोरीला ठेवायचं कुणाकडे? म्हणून तिने नोकरी सोडली. आता दिवसभर घरात तिचा आवाज निघायचा तो फक्त "दिशा, पुरे" म्हणायला.

प्रकल्पात आधी दोन आठवडे वही लिहायची होती. मूल काय खातं, सगळं. वही पुरी असेल तर नाव घेणार, मग मुलांचे दोन गट. एका गटाला वर्षभर आठवड्यातून दोनदा मैदानावर खेळ, आहाराचा सल्ला, दर तीन महिन्यांनी तपासणी. अनुजाला दिशा त्या गटात हवी होती. इतकं मनापासून तिने गेल्या दोन वर्षांत काही मागितलं नव्हतं.

"चांगल्या गटात जायला काय करावं लागतं?" वही घेतानाच तिने विचारलं होतं. वह्यांचं काम बघणारी प्राची म्हणून एक तरुण मुलगी होती, ती हसली. "चांगला-वाईट असं नसतं ताई, कॉम्प्युटर ठरवतो. फक्त वही अपुरी नको. प्रकल्पाच्या मॅडम लगेच बाद करतात."

मग काय, अनुजाने ती वही ऑफिसातल्या खातेवहीसारखी लिहिली. वेळ, पदार्थ, प्रमाण, ठिकाण, सोबत. पाच रकाने, एकही घर रिकामं नाही. भात वाटीने, आमटी पळीने, चिप्स पाकिटावरचे ग्रॅम बघून. काटेकोर लिहायची तिला हौसच होती म्हणा.

सोमवारी सकाळी दिशाला शाळेतून सुट्टी काढून ती परळला गेली. प्राचीने पानं उलटली, मान डोलावली. "वा, काय अक्षर आहे!" मग तिचं बोट थांबलं आणि तिने तोंडावर हात धरला.

"ताई, हे काय? सोबत : बोंबलाची चटणी?"

"हो. भाकरीसोबत."

"अहो, सोबत म्हणजे कोणासोबत! जेवताना मुलाबरोबर कोण बसलं होतं, ते लिहायचं. ए सुशांत, इकडे ये, बघ रे! सोबत : लिंबाचं लोणचं, अर्धी फोड. सोबत : सोलकढी. सोबत : तळलेली मिरची!"

पलीकडच्या टेबलावर वजनकाटा पुसत असलेला सुशांत आला, वाकून बघितलं. "मी म्हटलं होतं मॅडमना, रकान्याचं नाव बदला. आमच्या मालवणकडची माणसं हेच लिहिणार. आणि बोंबलाची सोबत काय वाईट आहे गं?"

अनुजाही हसली. कान मात्र तापले होते. सात वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला आणि एवढा एक शब्द आपल्याला कळू नये!

"काही नाही होत ताई," प्राची म्हणाली. "इथेच बसून आठवून लिहा. बारा वाजता मॅडम वह्या घेतात."

बाहेरच्या बाकावर अनुजा वही मांडीवर घेऊन बसली. शेजारी दिशा पाय हलवत. लोणची, चटण्या खोडायच्या आणि वर माणसं लिहायची. पहिला सोमवार, सकाळी सात, दूध आणि दोन बिस्किटं. ‘आई.’ दुपारी दीड, भात-आमटी. ‘आई.’ संध्याकाळी पाच. ‘आई.’ पेन भराभर चाललं.

"हे खोटं आहे," दिशा म्हणाली.

"काय खोटं?"

"तू कुठे होतीस? तू डबा भरत होतीस."

"म्हणजे तिथेच होते ना, किचनमध्ये."

"आणि दुपारी तू उभी होतीस. मी भात किती घेते ते बघत."

"लक्ष नको ठेवायला?"

दिशाने जरा विचार केला, आणि अनुजा अडवणार तोच दाराशी जाऊन मोठ्याने विचारलं, "टीचर, आई उभी राहून लक्ष ठेवते, ते सोबत धरायचं का?"

आतून प्राचीचा आवाज आला, "नाही गं बाळा. एकत्र बसून खाल्लं तरच."

बाकावरच्या दोन बायकांनी अनुजाकडे पाहिलं, मग आपापल्या मोबाइलकडे. अनुजाने आवाज खाली आणला. "बरं. शाळेतला डबा? आकांक्षा असते ना तुझ्याबरोबर?"

"ती आता प्रितेशच्या बेंचवर जाते."

"का? भांडलात?"

"नाही. माझ्या डब्यात काकडी-गाजर असतं. कोण घेणार? आणि मी त्यांच्यातलं घ्यायला गेले की म्हणतात, तुला डॉक्टरने नाही सांगितलंय. तूच सांगितलंस ना टीचरना, की हिला कोणी काही देऊ नका?"

अनुजाने सांगितलं होतं. चिठ्ठी लिहून, खाली सही करून.

"मग कुठे बसतेस?"

"मागे. पटकन खाते, पाच मिनिटांत संपतं." दिशा आता वहीवरच्या रेघांवरून बोट फिरवत होती. "मग कॅन्टीनला जाते. तिथे लाइन असते ना. लाइनीत सगळे असतात. मस्ती करतात. नंबर आला की काहीतरी घ्यावं लागतं, नाहीतर काका म्हणतात, हट, कशाला उभी राहतेस?"

"काय घेतेस?"

"समोसा. बाबा सुट्टे पैसे देतात ना, त्यातून. कधी कधी दोन. मग परत लाइनीत उभं राहता येतं."

वहीत समोसा कुठेच नव्हता. पाच रकाने, एकही घर रिकामं नाही, आणि समोसा नाही. घड्याळात साडेअकरा झाले होते. हे सगळं लिहिलं तर मॅडम काय म्हणतील ते अनुजाला वाचून दाखवल्यासारखं ऐकू येत होतं : आईला पत्ता नाही, वही अपुरी, बाद. नाही लिहिलं तर वही सुबक होती. अक्षराचं कौतुकही झालं होतं.

तिने पेनचं टोपण लावलं. काढलं.

पहिल्या सोमवारच्या ‘आई’वर तिने रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘कोणी नाही.’ पुढच्या ओळीत तेच. तिसऱ्या दिवशी हितेंद्र सुट्टीवर होता, तिथे तिने आशेने बोट ठेवलं. "बाबा झोपले होते," दिशा म्हणाली. ‘कोणी नाही.’ शाळेच्या प्रत्येक दिवसाला समासात एक किंवा दोन समोसे चढले, आणि त्यांच्यापुढे, दिशाला विचारून, ‘रांगेतली मुलं.’ दोन आठवड्यांत दिशाला जिथे सोबत होती, त्या एवढ्याच जागा. लिहिता लिहिता अनुजाच्या लक्षात आलं की ती स्वतःच्या जेवणाची वेळ शोधते आहे. ती कुठेच सापडेना. ती जेवायची पावणेतीनला, ओट्याशी उभ्याने, कढईतलं कढईतून.

प्राचीने वही पुन्हा वाचली. या वेळी हसली नाही. "बाद नाही होणार," ती म्हणाली. "खरं असलं की पुरी. ताई, बहुतेक जण ‘आई’ लिहून टाकतात."

अर्ध्या तासाने कॉम्प्युटरने गट दिला. तुलनेचा गट. म्हणजे रक्ताचे रिपोर्ट ओपीडीत दाखवायचे, सहा महिन्यांनी पुन्हा वजन. बाकी काही नाही.

"म्हणजे मैदान नाही? सल्ला नाही?"

"या गटाला आम्ही नाही देत ताई. दिला तर तुलना कशाशी करणार?" प्राचीला सांगताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"मग मी घरी जाऊन करू काय?"

"नेहमीसारखंच."

परळहून लालबागपर्यंत दोघी पुलाखालून चालत आल्या. मसाल्याच्या दुकानांपाशी दिशाला सटासट शिंका आल्या. अनुजाने रुमाल दिला. एवढं खरं लिहून हाती काय आलं, तर ‘नेहमीसारखंच’. चौदाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. चार दारं, एक त्यांचं.

तिने दिशाला वाढलं. भाकरी, मुगाची आमटी, दुधी. टीव्ही लावून दिशा जमिनीवर मांडी घालून बसली आणि अनुजा सवयीने ओट्याशी जाऊन उभी राहिली. तिथून दिशाची पाठ आणि मानेवरचा पट्टा दिसत होता. खाली वाकून पोरगी घास घेत होती, भराभर, कोणी मागे लागल्यासारखी.

अनुजाने एक ताट काढलं, स्वतःसाठी वाढून घेतलं. मग उगाचच थबकली. नेहमीसारखं सांगितलंय, आपण बसलो तर त्यांचा अभ्यास बिघडेल का? बिघडला तर बिघडू दे. ती बाहेर आली आणि दिशाच्या समोर बसली, टीव्हीकडे पाठ करून.

दिशाचा घास हातातच राहिला. "लक्ष ठेवायला बसलीस?"

"नाही. भूक लागलीय मला."

दिशाने ते खरं आहे का हे तिच्या ताटात बघून ठरवलं. मग दोघी जेवायला लागल्या. काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. चाळीत असं कधी सुचावं लागलं नव्हतं.

"प्रितेश कसा आहे?" अनुजाने विचारलं.

"कसा म्हणजे? प्रितेश आहे तो."

"हं."

टीव्हीवर कोणीतरी मोठ्याने हसत होतं. दिशाचं जेवण आधी संपलं. तिने आणखी मागितलं नाही. अनुजाच्या ताटात अजून अर्धी भाकरी होती, आणि कित्येक महिन्यांनी बसून जेवत असल्यामुळे ती सावकाश खात होती. दिशाने आईच्या ताटाकडे पाहिलं, स्वतःच्या खरकट्या बोटांकडे पाहिलं. हात वाळत चालला होता, तरी ती उठली नाही.