चुनीचं खापर

तुरीची डाळ भरडली की चुनी उरते. आमच्या बोरी गावात ती म्हशीच्या आंबोणात जाते. मी मात्र एक अख्खा पावसाळा ती भिवराबाईच्या बदकांना घातली, तीही भिजवून, ज्वारीचा कोंडा कालवून. म्हैस माझ्याकडे बघत राहायची. तिला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.

निजामाच्या अंमलातली गोष्ट. दौऱ्यावरच्या अंमलदारांसाठी गावाबाहेर बंगला होता. तिथल्या बावर्चीनं बदकाची आठ पिलं भिवराबाईला पाळायला दिली. भिवराबाई माझी शेजारीण, मेंढरं राखणाऱ्या घरातली. माझ्या उंबऱ्यावर घटकाभर बसल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. तिनं चुनी मागितली तेव्हा मी स्पष्टच विचारलं. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. ज्या हातानं पूजा करायची, त्याच हातानं कापायच्या जिवाला पोसायचं, हे मला जमणार नव्हतं. ती म्हणाली, अंड्यांसाठी आहेत. मी म्हटलं, मग बेलभंडारा उचल.

तिनं उचलला. बेलाचं पान आणि हळद मुठीत धरून म्हणाली, "अक्का, ह्या बदकांच्या मानीला माझी सुरी लागणार न्हाई."

'माझी' हा शब्द मी ऐकला नाही असं नाही. ऐकला, आणि उलट आपलेपणाचा, गोडच वाटला.

मग काय, चुनी झाली, कोंडा झाला, कधी घाण्यावरची करडईची पेंड कुटून झाली. बदकं अशी माजली की चालताना पोट जमिनीला टेकायचं. संध्याकाळी खापरात चुनी घेऊन ओढ्यावर गेले आणि "या गं बायांनो" म्हटलं, की आठही जणी डोहातून निघून माझ्या पायांवर चढायच्या. अक्काच्या माहेरची माणसं आली, अशी भिवराबाई चेष्टा करायची. मला मूलबाळ नव्हतं. तेही तिला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती धावत आली. बदकं डोहाच्या मधोमध बसलीत, कुणालाच दाद देईनात, तूच हाक मार म्हणाली. मला वाटलं, कशाला तरी भ्यालीत. तशीच खापर घेऊन गेले. माझ्या हाकेसरशी सगळी बाहेर आली आणि खापरात चोची घातल्या. तेवढ्यात बाभळीमागून बावर्ची आणि दोन शिपाई पोती घेऊन पुढं आले. पहिलीचे पाय बांधले तेव्हा मला उमगलं.

मी भिवराबाईकडे पाहिलं. तिनं पदर सावरला.

"सायेब आलेत, अक्का. आज मेजवानी हाय," ती म्हणाली. "म्या शपत मोडली न्हाई. सुरी बावर्ची लावंल."

केसानं गळा कापणारीला सुरी लागते कशाला? इतकी वर्षं माझ्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईनं मला फसवलं, आणि तेही मलाच हाक मारायला लावून. तो राग अजून गेलेला नाही. पण तेव्हा भांडायला सवड नव्हती. तीन बदकं अजून मोकळी होती. मी खापर लाथाडलं, हात उडवले, ओरडले, एकीला तर पायानं ढकललं. डोह चार पावलांवर होता.

त्या गेल्या नाहीत. सांडलेली चुनी माझ्या पायांशीच वेचत राहिल्या. पावसाळाभर मी त्यांना एवढंच शिकवलं होतं, की ह्या बाईला भ्यायचं नसतं.