उजवा पाय

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता ती बाई पुन्हा आली आणि शेवटून तिसऱ्या बाकावर बसली. वेदीवर सांडलेले मेण खरवडता खरवडता पास्कलने तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिले. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ती पहिल्यांदा दिसली होती. सगळ्यांच्या हातात झावळी, हिच्या हातात काळी बॅग. सगळे गुडघ्यांवर आले, ही बसूनच. सोमवारी परत हजर. ना क्रूसाची खूण, ना प्रार्थना. नुसती वेदीमागच्या मोठ्या क्रूसाकडे बघत राहायची. आणि क्रूस तर जांभळ्या कापडाखाली होता. ईस्टरच्या आधी दोन आठवडे सगळ्या मूर्ती झाकून ठेवायची रीतच आहे. झाकलेल्या वस्तूकडे कोण कशाला अर्धा अर्धा तास बघेल?

मरोळ गावठाणातल्या त्या चर्चच्या किल्ल्या पास्कल परेराकडे बावीस वर्षे होत्या. नाताळानंतर वेदीवरचे दोन पितळी मेणबत्ती-स्टँड नाहीसे झाले. त्याला कोणी चोर म्हटले नाही, पण कमिटीच्या मीटिंगमध्ये किल्ल्या कोणाकडे असतात हे तीनदा विचारले गेले. चौसष्टाव्या वर्षी तेवढे पुरे होते. तेव्हापासून अनोळखी माणूस आत आला की पास्कलचा हात आपोआप किल्ल्यांवर जायचा.

निघताना ती वेदीपाशी आली.

"हे कापड कधी काढणार?" तिने विचारले.

"तुम्हाला कशाला पाहिजे?" पास्कल म्हणाला. ती निघून गेली. त्या रात्री त्याने वेदीवरची भांडी ठेवायच्या कपाटाला दुसरे कुलूप घातले.

बुधवारी त्याने तिला फाटकातच अडवले. नोव्हेनाच्या प्रार्थनेला आलेल्या बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर त्याने तिला बॅग उघडायला सांगितले. तिने उघडली. आत रिकामा डबा, कारखान्याचा निळा एप्रन आणि पाण्याची बाटली. पास्कलने एप्रन झटकूनही पाहिला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, नीट घडी करून आत ठेवला, चेन लावली आणि आत न येता परत गेली. पायऱ्यांवरच्या बायका कुजबुजत राहिल्या. काही सापडले नाही म्हणजे ती नुसती टेहळणी करायला येते, अशी पास्कलने स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी ती आली नाही. फादरांनी बारा जणांचे पाय धुतले तेव्हा तांब्या पास्कलच्याच हातात होता. प्रवचनात फादर म्हणाले, शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने सगळ्या शिष्यांचे पाय धुतले, आपल्याला धरून देणाऱ्या यहुदाचेही. कोण काय करणार हे ठाऊक असूनही एकाला वगळले नाही. पास्कल मात्र शेवटून तिसऱ्या बाकावर लक्ष ठेवून होता. बाक रिकामाच राहिला.

गुड फ्रायडेला दुपारी चर्च दारापर्यंत भरले. त्या दिवशी घंटा वाजत नाही, पेटीही वाजत नाही. चौघांनी मोठा क्रूस खाली आणून पायरीवर टेकवला. फादरांनी तीन टप्प्यांत कापड काढले, आणि लोक रांगेने येऊन त्यावरच्या लाकडी ख्रिस्ताच्या पायांचे चुंबन घेऊ लागले. प्रत्येकानंतर पाय पुसायला पास्कल फडके घेऊन गुडघ्यांवर बसला होता. वर पाहिले तर ती समोर उभी.

ती वाकली नाही. बघतच राहिली.

"पुढे चला," तो दबक्या आवाजात म्हणाला.

तिने ख्रिस्ताच्या उजव्या पायावर दोन बोटे ठेवली.

"हा पाय आमच्या ह्यांनी केलाय. धोंडिराम नाव. फर्निचरच्या कारखान्यात सुतार होते. याला वाळवी लागली होती ना, तेव्हा. मापाला काही नव्हतं, म्हणून स्वतःचाच पाय बघून केला. हे बोट बघा."

पास्कलने पाहिले. अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब होते. आठ वर्षांपूर्वी टेंपोतून हा क्रूस दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यानेच उतरवून घेतला होता. पाय कोणी केला, हे विचारायचे कोणाला सुचले नव्हते. तेव्हापासून दर गुड फ्रायडेला शेकडो वेळा त्याने हा पाय पुसला होता.

"सारखे म्हणायचे, शकु, एकदा जाऊन बघ. कारखाना, घर यातून मी आज-उद्या करत राहिले. दिवाळीत ते गेले." तिची बोटे पायावरच होती. "आम्ही बौद्ध. पाया पडायला नाही आले मी. नुसतं बघायचं होतं."

"मग सांगायचं ना आधी."

"विचारलं होतं की, कापड कधी काढणार."

मागून कोणीतरी खाकरले. फादरांनी वळून पाहिले. पास्कलने हात वर करून रांग थांबवली आणि स्वतः बाजूला सरकून पायरीवर जागा केली. ती बसली. तिने लाकडी टाच तळहातात धरली आणि अंगठ्याने एकेक बोट चाचपू लागली.

पास्कलने फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली. रांग थांबूनच होती.