दुर्बीण पारखावी दिवेलागणीला

मित्रांनो, आधी मला सुलटी धरा बघू! हातात घेतलं रे घेतलं की जो तो मला उलटीकडून डोळ्यांना लावतो आणि "अरे, तू केवढासा दिसतोस!" म्हणून खिदळतो. हसा, हसून घ्या. मी एक जुनी दुर्बीण आहे. माझी एक नळी चेपली आहे आणि गळ्यात अडकवायची वादी कितीदा बदलली ते आता मलाही आठवत नाही. पण माझ्या काचा आजही ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या काचांवर फार मोठा खोटा आळ आला होता.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे एक करड्या केसांची बाई माझ्या काचा घासायची आणि मनासारख्या झाल्या नाहीत तर स्वतःवरच चिडायची. तिच्या हातून सुटले ती थेट टांझानियात, अरुशा गावातल्या मोयेझभाईंच्या दुकानात आले. सफारीला लागणारा सगळा सरंजाम तिथे मिळे. तंबू, कंदील आणि बंदुकीच्या तेलाच्या शेजारी मी फळीवर बसून राहिले.

एके दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी एक उंच तरुण आत आला. त्याचं नाव अनाएली. परदेशी पाहुण्यांना सरकारी परवान्याने शिकारीला नेण्याचं काम त्याला नुकतंच मिळालं होतं.

"दुपारी यायचं की राव," मोयेझभाई कुरकुरले, "आता दिसतंय काय?"

"म्हणूनच आलो. भर उन्हात सगळ्याच दुर्बिणी देखण्या असतात, भाई. बिबट्या येतो तो सांजावल्यावर."

त्याने एकेक दुर्बीण दारात नेऊन पारखली. सगळ्यांत लांबचं दाखवणारी त्याच्या श्वासागणिक थरथरत होती. खिशात मावणारी सगळ्यांत आधी आंधळी झाली. मग माझी पाळी आली. माझी तोंडं रुंद, त्यामुळे उरलासुरला उजेड मी पोटात घेऊ शकते. समोरच्या पडवीत शिंप्याची पाटी होती. तिच्यावरची बारीक अक्षरं माझ्यातून त्याने घडाघडा वाचली आणि हसून म्हणाला, "हीच द्या."

पुढे हाताखालच्या नव्या माणसांना आणि पाहुण्यांना तो हेच बजावायचा. दुर्बीण पारखावी दिवेलागणीला.

ते दिवस फार सुखाचे होते. रानम्हशींचा कळप धुरळा उडवत चालला की अनाएली मला डोळ्यांना लावून त्यातला म्हातारा, एकटा पडलेला रेडाच तेवढा हुडकायचा. "शिकाऱ्याची अक्कल त्याने काय मारलं यावरून नाही, काय सोडलं यावरून ओळखावी," असं तो म्हणे. संध्याकाळी चहा घ्यायच्या आधी तो माझ्यावरची धूळ फुंकून काढायचा आणि मगच सुती फडकं फिरवायचा. बायकोच्या आधी दुर्बिणीला जपतो, म्हणून सगळे त्याला हसत. मला मात्र तेव्हा आभाळ ठेंगणं व्हायचं.

त्याच्या जोडीला म्शाना होता. म्शाना माग काढणारा, जमिनीवरच्या खुणा वाचत पुढे चालणारा. अनाएली चागा जमातीचा आणि म्शाना पारे जमातीचा. या दोन जमातींत थट्टेचं नातं असतं. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, अगदी मयताच्या घरीही टोमणे मारावेत, पण राग मानायचा नाही.

"कोंबडी हरवली तर गाय विकून खटला भरणारी माणसं तुम्ही!" अनाएली म्हणायचा.

"आणि तुम्ही चागा? मेलात की नाही हे बघायला नाणं वाजवतात तुमच्या कानाशी. उठून बसलात तर जिवंत!"

दोघांचं असं दिवसभर चालायचं.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. माझ्या उजव्या डोळ्यापाशी एक बारीक कडी आहे. प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे ती एकदा फिरवून ठेवतात. अनाएलीने ती पहिल्याच दिवशी बसवली होती आणि इतकी वर्षं तिला हात लावला नव्हता. आता तो ती रोज फिरवू लागला, आधी किंचित, मग पार टोकापर्यंत आणि मग उलट्या टोकापर्यंत. डोळे मिचकावत पुटपुटायचा, "हिला झालंय तरी काय?" अहो, मला काही झालं नव्हतं हो! पण हे ओरडून सांगायला मला आवाज कुठे होता?

एकदा तो बराच वेळ मला डोळ्यांना लावून हळूच म्हणाला, "म्हातारा रेडा आहे. एकटाच बसलाय."

"अरे चागा, ते वारूळ आहे!" म्शाना म्हणाला. "वारुळाला बायकोही शोधून देतोस का आता? तुझ्यापेक्षा माझी आंधळी आत्या बरी, ती निदान हाताने चाचपून तरी बघते."

सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने अनाएली हसला. म्शानाच्या मनात काळजी होती, पण थट्टेच्या नात्यात काळजीलाही थट्टेचेच कपडे घालावे लागतात. आणि थट्टा मनावर घ्यायची नाही, हा तर नियमच! खरं बोलून झालं आणि हसण्यावारी गेलंही. माझा जीव तीळ तीळ तुटला.

अनाएली मला मोयेझभाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मला उघडून, निरखून पुन्हा बंद केलं. "काच आरशासारखी आहे. उगाच का कुरबुरतोस?"

"म्हातारी झालीय ती. नवी दाखवा, सगळ्यांत जोरदार."

तेव्हा भरदुपार होती. रस्त्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. मोयेझभाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "तूच म्हणायचास ना, दिवेलागणीला ये. थांब की तोवर, चहा मागवतो."

"मला वेळ नाही," अनाएली तुटकपणे म्हणाला.

वेळ होता हो. संध्याकाळची त्याला भीती वाटत होती. दुपारच्या उन्हात त्याला नवीतून थोडंफार दिसलं, तेवढ्यावर तो हुरळला. मला त्याने म्शानाच्या हातात कोंबलं. "घे. तुझ्या आंधळ्या आत्याला दे."

मुक्कामाच्या तळावर म्शानाने मला स्वयंपाकाच्या तंबूत खिळ्याला अडकवलं. मक्याच्या पिठाची उगाली शिजली की तिची वाफ माझ्या काचांवर बसायची. पण वाफेने नव्हे, त्या बोलण्याने मी आतून धुमसत होते.

त्या हंगामात योर्गेन नावाचा पाहुणा बिबट्यासाठी आला होता. तिथे नर बिबट्याच मारता येतो. मादी मारली तर पाहुण्याला घेऊन जाणाऱ्याचा परवाना जातो आणि पिलं उपाशी मरतात ती वेगळीच. झाडाच्या फांदीला आमिषाची तंगडी बांधली होती. सकाळी म्शानाने झाडाखालची माती पाहिली.

"मोठा पंजा आहे, नराचा. पण शेजारी लहानही आहे. दोन जनावरं येतायत. संध्याकाळी नीट बघ बाबा, आज मी थट्टा करत नाही."

"माझ्याकडे नवी दुर्बीण आहे," अनाएली म्हणाला.

निघताना म्शानाने मला खिळ्यावरून काढलं आणि सदऱ्याच्या आत घातलं.

गवताच्या आडोशात तिघे ओळीने बसले. तिथे बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही. अनाएलीचा तळहात पाहुण्याच्या खांद्यावर होता. तो दाबला तरच गोळी सुटायची. योर्गेनच्या मुक्कामाची ती शेवटची संध्याकाळ होती.

सूर्य टेकला आणि फांदीवर बिबट्या आला. कसा आला कुणास ठाऊक, आत्ता नव्हता आणि आत्ता होता. अनाएलीने नवी दुर्बीण लावली. खूप वेळ लावली. मग ती खाली ठेवून त्याने न बघताच म्शानासमोर हात पसरला. म्शानाने मला त्या हातात दिलं.

किती दिवसांनी मी त्या डोळ्यांपाशी गेले होते! मला सगळं स्वच्छ दिसत होतं. बारीक मान, लहान डोकं, पोटाखाली दुधाने भरलेली आचळं. मादी होती ती! पण माझ्यामागचे डोळे नुसते फडफडत होते. तो कडी इकडे फिरवी, तिकडे फिरवी. दोन दुर्बिणी आणि धुकं एकच. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. सकाळी मोठा पंजा उमटला होता. नरच असेल. दाबला हात तर कोण विचारणार? माझ्यावरची त्याची बोटं घामाने निसटत होती. दुसऱ्या हाताची बोटं पाहुण्याच्या खांद्यावर हळूहळू आवळत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, नको रे बाबा, नको!

आणि अनाएलीने मला खाली केलं. त्याने मला म्शानाला दिलं, म्शानाचा हात धरला आणि स्वतःचा काढून त्या जागी, पाहुण्याच्या खांद्यावर ठेवला.

म्शानाने माझ्यातून पाहिलं. त्याचा तळहात सैलच राहिला. ती खाऊन उतरली आणि निघून गेली.

गाडीपाशी येताच योर्गेन भडकला. "इतका वेळ समोर होता! आणि मध्येच हात का बदलला?"

"मादी होती, साहेब," म्शाना पटकन म्हणाला. "आमच्या अनाएलीने बरोबर ओळखली."

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण अनाएली म्हणाला, "नाही. मी नाही ओळखली. मला ती दिसलीच नाही. बरेच दिवस झाले, संध्याकाळी मला काही दिसत नाही."

योर्गेन पुढे जाऊन बसला. गाडीच्या मागच्या बाजूला बसल्यावर अनाएलीने म्शानाला ढोसलं. "थट्टा कर की. गप्प का?"

"आज सुचत नाही रे."

अनाएलीने विचारलं, "कशी होती ती?"

"देखणी होती. नवी आई असावी. खाताना सारखी खाली बघत होती, पिलं जवळच असणार." म्शाना सांगत राहिला आणि अनाएली डोळे मिटून ऐकत राहिला.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, डावा औषधाने टिकेल. दोन वर्षं आधी आला असता तर दोन्ही राहिले असते. परवाना त्याने आपणहून परत केला.

आता मी म्शानाकडे असते. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. काच सदऱ्याला पुसू नका, वादी कुजू देऊ नका. आणि एक ऐका. घरातलं कुणी थोरलं माणूस म्हणू लागलं, की हल्ली पेपरची छपाई फिकी येते, दिव्याला उजेडच नाही, सुईचं भोक बारीक करतात मेले, तर हसू नका आणि नवा दिवाही आणायला धावू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि हळूच विचारा, "तुम्हाला दिसतंय ना?"