भोपळ्याचा निरोप

मी एक जुना कापडी कुत्रा आहे, हातात घालून नाचवायचा. माझं डोकं कागदाच्या लगद्याचं, अंग तपकिरी ब्लँकेटचं आणि डोळे म्हणजे एका ओव्हरकोटाची दोन बटणं. डावा कान कसरीने कुरतडलाय. मित्रांनो, आज मला पाहून तुम्हाला हसू येईल; पण एक वर्ष असं होतं, की मी तोंड उघडलं की भरलेला हॉल चिडीचूप व्हायचा.

त्या वर्षाची ही हकिगत आहे.

मला बनवलं मावशीने. मावशी म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, मावशी घरी शिवणकाम करायची. घरात दोघंच. मास्तर निवृत्त झाले आणि दोघांनी ठरवलं, एक वर्ष गाडी घेऊन गावोगाव फिरायचं आणि मुलांना बाहुल्यांचे खेळ दाखवायचे. जुनी व्हॅन आणली. मास्तरांनी आत स्वतःच्या हाताने फळ्या ठोकल्या. सगळ्या फळ्या एका बाजूला कललेल्या. मावशी म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा की." मास्तर म्हणाले, "गाडी चढावर असली की सरळ दिसतील."

त्यांच्याकडे एक कुत्रा होता. गोलमटोल, म्हणून नाव भोपळ्या. वय तेरा. एक लंगडी मांजरही होती. तिचा तोरा असा, की तिला सगळे बाईसाहेब म्हणत. मावशीने भोपळ्याला समोर बसवून माझं तोंड घडवलं. तो मधूनच उठून जायचा. मग ती त्याला परत ओढून आणायची आणि लगद्याचे हात त्याच्याच पाठीला पुसायची. मी तयार झाल्यावर तो माझ्यावर दोनदा भुंकला आणि तिसऱ्यांदा माझ्या पोटावर हनुवटी टेकून झोपून गेला.

आमचा खेळ साधा होता. एका आजीचा कुत्रा हरवतो, आजी त्याला शोधत फिरते, शेवटी तो सापडतो. आजीची बाहुली मावशीच्या हातात, मी मास्तरांच्या. शाळा, वाचनालयं, अनाथाश्रम, आम्ही सगळीकडे गेलो. भोपळ्या पडद्यामागे पथारी पसरायचा. मी मास्तरांच्या आवाजात भुंकलो की तो खरा भुंकून साथ द्यायचा, आणि मुलं हसून लोटपोट व्हायची.

पाचव्या-सहाव्या महिन्यात भोपळ्याचे मागचे पाय गेले. व्हॅनमध्ये चढता येईना. मास्तर म्हणाले, "त्याच्यासाठी फळीचा उतार करतो." लाकूड आणलं, मापं घेतली, आणि काम राहून गेलं. स्वयंपाकघराची भिंतही त्यांनी अर्धीच रंगवून सोडली होती, तसंच. तोवर मावशी त्याला उचलून चढवायची. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडीचे धक्के आता नकोत. पण अकरा दिवसांचे खेळ ठरलेले होते. शेजारच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "जा तुम्ही. मी बघते दोघांना."

निघताना भोपळ्या फाटकापर्यंत फरफटत आला. मावशीने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती उतरली असती.

मंगळवारी सकाळी आम्ही एका शाळेच्या व्यायामशाळेत होतो. खेळाला थोडा वेळ होता. मी मास्तरांच्या उजव्या हातात होतो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. तो त्यांनी डाव्या हाताने कानाला लावला. आवाज नर्सबाईंचा होता.

"मास्तर, भोपळ्या कालपासून पाणीसुद्धा घेत नाही. डॉक्टर म्हणतात, भेटायचं असेल तर उशीर करू नका. गाडीचा आवाज आला की मान उचलतो हो तो."

"हो... हो. मी सांगतो तिला," मास्तर म्हणाले.

त्यांनी फोन खिशात ठेवला. तेवढ्यात मावशी आली. तिच्या दातांत सुई होती. "कुणाचा फोन?"

"पुढच्या हॉलवाल्यांचा. वेळ विचारत होते."

मित्रांनो, त्या हॉलचं सांगायला हवं. गुरुवारी शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात आमचा खेळ होता. मास्तरांनी उभ्या आयुष्यात असं आमंत्रण पाहिलं नव्हतं. मावशीला कळलं असतं तर ती त्याच क्षणी घरी निघाली असती. दोनच दिवसांचा तर प्रश्न, असं मास्तर पुटपुटले. मी त्यांच्या हातातच होतो, म्हणून मला ते ऐकू आलं. मला बोलता आलं नाही. मी बोलतो ते त्यांच्याच तोंडाने.

गुरुवारी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मला डोक्याच्याही वर धरलं. मावशीचे डोळे भरून आले होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही घरी पोचलो. नर्सबाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी बाईसाहेब. फाटकाशी कुणी आलं नाही.

"काल सकाळी गेला," नर्सबाई म्हणाल्या. "मी वाट पाहिली गं तुमची. मंगळवारीच फोन केला होता ना मास्तरांना."

मावशी रडली नाही. बोटांवर दिवस मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मंगळवारी आपण व्यायामशाळेत होतो." ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर कामाला भिडले. भिंत रंगवली. कललेल्या फळ्या काढून सरळ बसवल्या. फळीचा उतारही पुरा केला, तासून गुळगुळीत केला. मावशी दारात येऊन एकदाच म्हणाली, "आता कुणासाठी?" मास्तरांनी रंधा खाली ठेवला. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं.

थंडीत एका इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात खेळ होता. शब्द दिलेला होता, म्हणून मावशी आली. शेवटी कुत्रा सापडतो तेव्हा आजी म्हणते, 'किती शोधलं रे तुला!' त्या दिवशी आजी तसं म्हणाली नाही.

"भोपळ्या, मी लांब होते तेव्हा तू मला हाक मारली होतीस का रे?"

माझ्या डोक्यातली मास्तरांची बोटं गार पडली.

"मारली होती, आजी," मी म्हणालो. "निरोपही धाडला होता."

"मग मला का नाही मिळाला?"

"ज्याच्याकडे दिला, त्याने तो खिशात ठेवला."

"का?"

माझी मान खाली गेली. मग म्हणालो, "त्याला टाळ्या हव्या होत्या."

पुढच्या खाटेवरची एक लहान मुलगी ओरडली, "वाईट माणूस!" सगळी मुलं हसली.

"वाईटच," मी म्हणालो. तो कुत्र्याचा आवाज नव्हता. मास्तरांचा स्वतःचा होता, आणि फाटलेला होता.

सामान आवरल्यावर मावशी व्हॅनपाशी उभी राहिली. "मुलांना सांगितलंत. आता मला सांगा, माझ्याकडे बघून."

मास्तरांनी सांगितलं. फोनचं, नाट्यगृहाचं, दोन दिवसांचं, सगळं.

"ऐकलं," ती म्हणाली आणि गाडीत बसली. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, आणि पुढेही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

त्यानंतर तो खेळ झाला नाही. व्हॅन विकली. दोघं अजून त्याच घरात राहतात, बाईसाहेबांना आळीपाळीने खायला घालतात. मी खिडकीजवळच्या खुंटीवर आहे. मास्तर कधी कधी माझ्यावरची धूळ झटकतात, पण माझ्यात हात घालत नाहीत.

मित्रांनो, मला कुणी दुरुस्त करावं असं माझं मागणं नाही. मी कापडाचा, मला भूक नाही, तहान नाही. पण तुमच्या घरात किंवा शेजारी एखादा म्हातारा जीव असेल, माणूस असो की जनावर, आणि तो कुणाची वाट बघतोय असा निरोप तुमच्या कानावर आला, तर हातातलं काम तिथेच टाका आणि तो निरोप पोचवा. दोन दिवसांनी सांगू, असं म्हणू नका. त्याच्याजवळ दोन दिवस असतीलच असं नाही.