तीन तास उपाशी

लहान मुलांचं यकृत तपासायच्या त्या खोलीत सुई नव्हती, त्यामुळे रडारडही बेताचीच असायची. बरगड्यांच्या मध्ये गार जेल लावायचं, जाडजूड पेनासारखं एक उपकरण टेकवायचं आणि बटण दाबायचं. आतून कोणी टिचकी मारल्यासारखं वाटतं आणि पडद्यावर आकडा उमटतो. आकडा जितका मोठा, तितकं यकृत कडक झालेलं. अशा दहा टिचक्या. म्हणून मुलं तिथल्या तंत्रज्ञ बाईंना टिचकीमावशी म्हणायची, आणि मोठ्या डॉक्टरांनीही तेच नाव उचललं होतं.

अट एकच. आधी तीन तास पोटात काही नको, कारण खाल्लेलं असलं की आकडा उगाच फुगतो. आता मुलं म्हणजे या बाबतीत एकेक पोचलेली. ओठाच्या कोपऱ्यात चॉकलेट, आणि चेहरा असा साळसूद की जणू आठवडाभर अन्न पाहिलेलं नाही. मावशी हसत हसत चोरी पकडायची. आपल्या नजरेतून काही सुटत नाही याचा तिला भारी अभिमान होता, आणि त्या अभिमानानेच तिचा घात केला.

पाच वर्षांपूर्वी एक बारा वर्षांचा मुलगा आला होता. सहाच्या आत हवा तो आकडा आला एकोणीस. त्याच्या शर्टावर बिस्किटाचा चुरा होता. "मी नाही खाल्लं," तो म्हणाला. "छोटीला भरवलं." सगळे असंच म्हणतात, असं म्हणून मावशीने त्याच्या गालावर चापटी मारली, कागदावर लिहिलं ‘उपाशी नव्हता, पुन्हा तपासावे’, आणि पुढची मोकळी तारीख दिली. ती दोन महिन्यांनंतरची होती. डॉक्टरांनी कागदावर विश्वास ठेवला. सहाव्या आठवड्यात मुलाला रक्ताची उलटी झाली आणि तो गेला. आजाराला औषध होतं. ते वेळेवर सुरू व्हायला हवं होतं, एवढंच.

मावशीला कोणी जाब विचारला नाही. ती नियमाप्रमाणेच तर वागली होती. पण तो मुलगा काही त्या खोलीतून गेला नाही. कुठलंही पोर टेबलावर आडवं झालं, उजवा हात डोक्यावर घेतला, की मावशीला आधी त्याचं वाक्य ऐकू यायचं. मग चादरीवर चुरा दिसायचा. ती झटकायला जायची, तर हाताला काहीच लागायचं नाही. चादर आत्ताच बदललीय हो, किती झटकाल, म्हणून आया कुरकुरायची. कधी दहा टिचक्या संपल्यावर, बटणावर बोट नसताना, मावशीला अकरावी स्पष्ट ऐकू यायची. हे तिने घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटायची, आणि ती भीती आपल्याला शोभते असंही वाटायचं.

त्या सकाळी नव्या फाईलवर त्या मुलाचंच आडनाव होतं.

आत आली ती छोटी. आता दहा वर्षांची झालेली, किडकिडीत. आजार भावंडांत उतरणारा, म्हणून भाऊ गेल्यावर तिची दुसरीकडे तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि दरवर्षी तिथेच आकडा बघायचे. तिथलं यंत्र बिघडलं म्हणून इथे यावं लागलं होतं. आईने मावशीकडे एकदाच पाहिलं. ओळखलं, आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

शेवटचं कधी खाल्लं, हे विचारणं भागच होतं. मुलीने काल सकाळी असं सांगितलं. तिचे ओठ पार सुकले होते. आई दारातूनच म्हणाली, की दर वेळचं हेच आहे. आदल्या दिवसापासून पाण्यालासुद्धा शिवत नाही. समजावलं, रागावले, एकदा मारलंही, पण ढिम्म हलत नाही.

मावशीने टिचक्या सुरू केल्या. पाच. पाच. साडेचार. आकडे चांगले होते, गोळ्यांचा गुण होता. सहावी झाल्यावर मुलगी छताकडे बघत हळूच म्हणाली, "मी भुकेने रडले म्हणून दादाने मला भरवलं. मी रडले नसते तर त्याच्या शर्टावर चुरा पडला नसता."

चारच टिचक्या उरल्या होत्या. त्या मारायच्या, आकडा छान आहे म्हणायचं आणि दोघींना घरी पाठवायचं, इतकं सोपं होतं. दाराशी आई उभी होती. तिच्यासमोर बोलायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात फास अडकवण्यासारखं होतं. मावशीने उपकरण बाजूला ठेवलं.

"तुझा दादा खरं बोलत होता," ती म्हणाली. "तो उपाशीच होता. त्याने मला सांगितलं आणि मी ऐकलं नाही. चूक माझी होती. तू काही केलं नाहीस."

मुलीने मान वळवून विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"तो गेल्याचं कळलं, त्याच दिवशी."

मुलीने डोक्यावरचा हात खाली घेतला आणि पोटावर ठेवला. आई दारातून टेबलापर्यंत आली. आता ही हात उगारणार, असं मावशीला वाटलं, आणि तो पडावा असंही वाटलं. पण आईचा आवाज चढलासुद्धा नाही.

"पाच वर्षं ही पोर रात्री दचकून उठते, बाई. मला विचारते, मी रडले नसते तर? मला उत्तर सुचत नाही. तुमच्याकडे होतं." तिने मुलीच्या अंगावर चादर ओढली. "फाईलवर आमचा पत्ता होता ना?"

"होता," मावशी म्हणाली.

तो तिला पाठ होता. दोनदा ती त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरली होती. पण हे तिने सांगितलं नाही.