महांतप्पांचा हात ओळखणारं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे. पण मित्रांनो, मला ना चाकं आहेत ना धुराडं. मी संगणकाच्या आत राहतो. खेळातला चेंडू किती उडावा, भिंतीला आपटला तर कुठे जावा, तुमचं बोट पडद्यावर टेकलं की पुढे काय घडावं, हे सगळं मी पाहतो. मला गेम इंजिन म्हणतात. बाजारात अशी तयार इंजिनं पुष्कळ मिळतात. मी मात्र उमरग्यात, हायवेलगतच्या एका खोलीत हाताने घडवलेला आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

मला घडवलं चैतालीने. तिची मैत्रीण निकिता गावातल्या एका दवाखान्यात लकवा झालेल्या माणसांचे व्यायाम घेते. रोज तीच बोटं उघडा, तीच मिटा. माणसं कंटाळून येईनाशी होत. "हात हलवावासा वाटंल असा एखादा खेळ दे की करून," निकिता म्हणाली. चैतालीने आधी तयार इंजिनावरच खेळ केला. दवाखान्यातल्या जुन्या टॅबवर तो चढवला, तर टॅब तव्यासारखा तापला आणि खेळ जागीच थिजला. नवे टॅब मिळणार नव्हते. मग तिने मलाच लिहायला घेतलं.

पुण्यात तिच्याबरोबर शिकलेला कृष्णराज फोनवर हसला. "बाजारात पीठ मिळतंय आणि तू जातं घडवत बसलीस?"

"त्या पिठात काय काय हाय ते मला दिसत न्हाय," ती म्हणाली.

माझं बालपण फजितीचं गेलं. पहिल्यांदा मी एक पिवळा चौकोन काढला. तो खाली पडला आणि पडतच राहिला, कारण चैतालीने मला पडणं शिकवलं होतं, जमीन शिकवायची राहिली होती. तिची आई सुमनबाई पडद्यात डोकावून म्हणाली, "दिसभर बसून एवढं डबडंच पाडलंस व्हय?" पुढे मी जमीन शिकलो, रस्ता शिकलो, वळण शिकलो. त्या डबड्याचा ट्रक झाला.

ट्रक पाहून दवाखान्यात व्यायामाला येणारे महांतप्पा पुढे सरसावले. सोलापूर ते हैदराबाद त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला होता. आता लकव्यामुळे त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी बोट टेकवलं आणि माझा ट्रक प्रत्येक थरथरीबरोबर झुडपात शिरू लागला.

"ही गाडी पिऊन हाय," असं म्हणून ते उठले.

चैताली त्यांना थांबा म्हणाली नाही. ती त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. मग तिने माझं पोट उघडलं आणि मला एक नवी गोष्ट शिकवली: थरथर वेगळी, इरादा वेगळा. हात कितीही कापला तरी त्याला जायचं कुठे आहे, तेवढं बघायचं. पुढच्या खेपेला महांतप्पांनी पडद्यावर नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत ट्रक आणला. उतरल्यासारखे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "आता हिला कळाय लागलं."

मग माझं कौतुक झालं. दुसरे दवाखाने मला मागू लागले. तेव्हा कृष्णराज आला. त्याची आता स्वतःची कंपनी होती. खेळ तयार इंजिनावर नेऊ, मोठ्या इस्पितळांत पोचवू, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नव्या फोनवर मी चालत नव्हतो, सावल्या मला धड पाडता येत नव्हत्या. चैताली कबूल झाली. मला एका कोपऱ्यात ठेवून दिलं.

कृष्णराजच्या कंपनीने दवाखान्याला नवे टॅब दिले. त्यावरचा नवा ट्रक देखणा होता. त्याच्या काचेत आभाळ दिसे. हाताची थरथर ओळखायला त्यात एक तयार भाग बसवला होता, आणि तो बंद पेटीसारखा होता; आत काय आहे ते कुणालाच पाहता येत नव्हतं. एके दिवशी त्या भागाची नवी आवृत्ती आली. कापणारं बोट म्हणजे चुकून लागलेलं बोट, त्याकडे लक्षच द्यायचं नाही, असं त्या आवृत्तीने ठरवून टाकलं. चैतालीने तो भाग बनवणाऱ्यांकडे तक्रार केली. 'असे वापरणारे थोडे आहेत, पुढे पाहू,' असं उत्तर आलं.

तोवर महांतप्पा पडद्यावर हात ठेवून बसले होते. ट्रक हललाच नाही. त्यांनी पुन्हा हात ठेवला, पुन्हा तेच. "माझाच हात गेला वाटतं परत," ते हळूच म्हणाले आणि दवाखान्यात यायचे बंद झाले.

मित्रांनो, त्या दिवशी मला कोपऱ्यातून ओरडावंसं वाटलं. त्यांचा हात शाबूत होता!

चैतालीने जुना टॅब काढला, मला जागं केलं आणि त्यांचं घर गाठलं. "काका, हात न्हाय बिघडला तुमचा. गाडी बिघडली."

"राहू दे, पोरी. कशाला समजूत घालतीस?"

"समजूत न्हाय. हात ठेवा, मग मला बोला."

त्यांनी टॅब मांडीवर ओढला. मग त्यांनी बोट टेकवलं. ते पूर्वीपेक्षाही जास्त कापत होतं. मी फक्त त्याचा इरादा पाहिला. ट्रक निघाला. वळणावर महांतप्पा सवयीने थोडे कलले.

चैतालीने तिथूनच कृष्णराजला फोन लावला. "चित्रं तुझी ठेव. हात ओळखायचं काम माझ्याच इंजिनाकडं राहील."

"एका माणसासाठी सगळं मोडायचं?"

"अशाच माणसांसाठी केलं होतं ते."

कृष्णराजने ऐकलं नाही. मोठी इस्पितळं त्याच्याकडे गेली. मी उमरग्यात, भूममध्ये आणि आणखी दोन-तीन दवाखान्यांत राहिलो. महांतप्पांनी परवा शर्टाच्या गुंड्या स्वतःच्या हाताने लावल्या. एक काज चुकलं, तरी त्यांनी कुणाला नीट करू दिलं नाही.

मित्रांनो, तयार वस्तू खुशाल वापरा; माझं त्यांच्याशी वैर नाही. पण ज्या कामावर एखाद्याचा धीर टिकून आहे, त्या कामाची किल्ली परक्याच्या खिशात ठेवू नका. हाताने घडवलेल्या वस्तूला ओबडधोबड म्हणून हसण्याआधी, ती कुणासाठी घडवली ते विचारा. आणि ती बिघडली तर टाकू नका. उघडा, बघा, दुरुस्त करा. मी जुना आहे, हळू आहे. पण मी उघडता येतो.